लेकीने कथकच्या तीन परीक्षा दिल्या, त्यातली एकही खरी नव्हती

माझी मुलगी आता पाचवीत आहे. दुसरीत असताना तिला पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका कथक क्लासला घातलं. क्लास निवडला तो अंतर बघून, हे आधीच सांगते. घरापासून चालत दहा मिनिटं. संध्याकाळच्या गर्दीत राजाराम पुलावरून पलीकडे पोरीला घेऊन जायचं आणि आणायचं, हे नोकरी सांभाळून जमणार नव्हतं. भिंतीवर बक्षीस समारंभांचे फोटो होते, बाई गोड बोलल्या, मुलगी खूश झाली. वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने माफ, म्हणून 18,000 रुपये त्यांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवून दिले. पावती मागितली तेव्हा "ग्रुपवर टाकते" म्हणाल्या. ती कधीच आली नाही आणि मीही पुन्हा मागितली नाही.

खरी गोष्ट परीक्षांची आहे. पहिल्याच पालकसभेत त्यांनी दहावीच्या वाढीव गुणांचा विषय काढला. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला जादा गुण मिळतात हे खरं आहे, पण त्या परीक्षा शासनमान्य संस्थेच्या असाव्या लागतात. हा दुसरा भाग त्या सभेत कुणी बोललं नाही आणि आम्ही कुणी विचारलाही नाही. दर वर्षी फॉर्मचे 2,500 आणि जादा सरावाचे 1,500 घेतले. पहिल्या वर्षी प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, मग प्रवेशिका पूर्ण. ही नावं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची. संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणारं 1931 पासूनचं मंडळ, आमच्या घरात आत्याने त्यांच्या गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे नाव ऐकलं की शंका येण्याचं कारणच नव्हतं.

आता आठवलं की सगळं दिसतं. परीक्षा क्लासच्याच हॉलमध्ये, रविवारी सकाळी. प्रवेशपत्र नाही, परीक्षा क्रमांक नाही. "बाहेरच्या परीक्षक" म्हणून एक ताई यायच्या, एकेका मुलीला पाच मिनिटं. महिनाभरात सोनेरी काठाचं प्रमाणपत्र हातात, सगळ्यांना प्रथम श्रेणी. त्यावरच्या संस्थेच्या नावात 'अखिल भारतीय' होतं, 'संगीत' होतं, फक्त 'गांधर्व' नव्हतं. मी ती तिन्ही प्रमाणपत्रं फ्रेम करून घेतली होती.

गेल्या मे महिन्यात आम्ही कोथरूडला राहायला आलो आणि नवा क्लास शोधला. मी फाइल पुढे केली. तिथल्या ताईंनी ती बाजूला ठेवली आणि लेकीला जवळ बसवून म्हणाल्या, "बाळा, त्रितालाचा ठेका हातावर म्हणून दाखव."

त्रिताल म्हणजे सोळा मात्रांचा (ठोक्यांचा) ताल, आणि ठेका म्हणजे त्याचे ठरलेले बोल. धा धिं धिं धा, एवढं तिने म्हटलं. पुढे प्रत्येक मात्रेला टाळी वाजवत गेली. नवव्या मात्रेला 'काल' म्हणजे खाली येते, तिथे टाळी नाही, हात मोकळा सोडायचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ताईंनी दुगुण, म्हणजे दुप्पट लय, विचारली तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मला गाण्यावर चार डान्स येतात, ते करू?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिची काही चूक नव्हती, तरी शरमली ती.

ताईंनी सांगितलं की पहिल्या परीक्षेलाच त्रितालाचा तत्कार, म्हणजे पायांचं काम, ठाय (मूळ लय), दुगुण, चौगुणमध्ये (चौपट) आणि हातावर पढंत, म्हणजे बोल म्हणणं, विचारतात. तीन वर्षांत माझ्या मुलीने तबला जवळून पाहिला नव्हता. वर्षातले निम्मे महिने गॅदरिंगच्या नाचांची तयारी चालायची, कपड्यांचे आणि तिकिटांचे पैसे वेगळे. टाचा दुखतात म्हणून ती रडायची, तेव्हा सिमेंटवरच्या फरशीवर तासभर पाय आपटून घेतात हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मी जुन्या बाईंना फोन केला. "आम्ही गांधर्वच्या परीक्षा घेतो असं कधी म्हटलं होतं का?" हे त्यांचं उत्तर. सगळे मेसेज उघडून पाहिले. खरंच कुठेही मंडळाचं नाव नव्हतं, फक्त 'प्रवेशिकेचे फॉर्म सुरू' एवढंच. आपण काय समजणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पावती नसली तरी यूपीआयचे व्यवहार आणि ग्रुपवरचे मेसेज पुरावा म्हणून जोडले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, तेही जुन्या बाईंना लिहून कळवलं. आठवडाभरात परीक्षांचे तीन वर्षांचे 12,000 परत आले. क्लासची फी गेली ती गेली.

तुमचं मूल अशा परीक्षा देत असेल तर केंद्राचं नाव विचारा, प्रवेशपत्र मागा आणि ते केंद्र खरं आहे का हे थेट मंडळाकडे विचारून घ्या. क्लास लावण्याआधी एक पूर्ण तास आत बसून बघा. बसू देत नसतील तर तिथे क्लास लावू नका. दोन वर्षं शिकलेल्या एखाद्या मुलीला ठेका हातावर म्हणायला सांगा, तुम्हाला कथक येत नसलं तरी ती अडखळते का ते कळतं. आणि फी महिन्याची महिन्याला भरा, कितीही सवलत देऊ देत.

लेक आता पुन्हा प्रारंभिकची तयारी करते आहे, सात वर्षांच्या मुलींबरोबर, रांगेत सगळ्यांत उंच. हे सगळं मी जुन्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं. तिथे अजून पंचवीसेक मुली आहेत आणि या वर्षीचे फॉर्म भरणं सुरू आहे.