अक्कलदाढ काढल्यानंतरचे सहा महिने

डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ काढून मला आता सहा महिने झाले. ती आडवी अडकलेली असल्यामुळे हिरडी कापून आणि थोडे हाड कोरून काढावी लागली, पण भुलीमुळे त्या वेळी काही दुखले नाही. त्रास झाला तो नंतर.

पहिले दोन दिवस ठीक गेले. कापसाचा बोळा पाऊण तास दाबून धरला, गालाला बाहेरून बर्फ लावला, चोवीस तास चूळ भरली नाही आणि गार दहीभातावर राहिले. तिसऱ्या रात्री मात्र कमी होत आलेले दुखणे एकदम वाढले, ठणका कानापर्यंत जाऊ लागला आणि गोळीचा काहीच उपयोग होईना. मोबाइलचा उजेड पाडून आरशात पाहिले, तर जिथे रक्ताची काळपट गुठळी असायला हवी तिथे कोरडा, करडा खड्डा दिसला. तरीही मी दीड दिवस कळ काढली, कारण दाढ काढल्यावर दुखणारच, असे घरातले सगळेच म्हणत होते. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर स्ट्रॉ वापरू नये, धूम्रपान करू नये, हे सगळे होते. पण दुखणे दिवसागणिक उतरायला हवे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढले तर लगेच यावे, ही सर्वांत गरजेची ओळ नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

डॉक्टरांनी पाहताच ‘ड्राय सॉकेट’ झाल्याचे सांगितले. गुठळी निघून गेली की खालचे हाड उघडे पडते. हा मुळात जंतुसंसर्ग नसल्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने तो थांबत नाही. त्यांनी खड्डा सलाइनने धुऊन लवंगेच्या उग्र वासाची औषधी पट्टी आत भरली आणि अर्ध्या तासात ठणका उतरला. ती पट्टी एक दिवसाआड तीनदा बदलावी लागली. पुढे जखमेवर दिसणारा पांढुरका थर पू नसून भरून येणाऱ्या जखमेचाच भाग असतो, हे त्यांनी आधीच सांगितले म्हणून बरे, नाहीतर मी तो नक्कीच खरवडला असता.

तोंड पूर्ण उघडायला बारा दिवस लागले. सहाव्या आठवड्यात हिरडीतून तांदळाच्या कणीएवढे टोक जिभेला बोचू लागले; ती हाडाची सुटी कपची होती आणि डॉक्टरांनी चिमट्याने क्षणात काढली.

हिरडी आता पूर्ण मिटली आहे. जिभेला तिथे अजून उथळ खळगा लागतो, पण त्या बाजूने भाकरी नीट चावता येते.