‘अनलिमिटेड’ फायबरचे दहा महिने आणि आईचा टॅब

गेल्या ऑगस्टमध्ये डोंबिवलीच्या घरी स्थानिक केबलवाल्याचं फायबर इंटरनेट घेतलं. वेग 100 एमबीपीएस, महिना 600 रुपये, सहा महिन्यांचे एकदम भरायचे. जीएसटी धरून 4248. पत्रकावर ‘अनलिमिटेड’ हे मोठ्या अक्षरांत आणि शेजारी एक चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात: महिन्याला 1000 जीबी वापरले की पुढे वेग 2 एमबीपीएस.

आधी चांगलं सांगतो. वायर लावून मोजलं तर 94-95 मिळतात, आतल्या खोलीत वायफायवर चाळीसेक. गणपतीत एकदा केबल तुटली, दोन दिवस गेले. बाकी तक्रार नाही. आमचा चौघांचा वापर महिन्याला पाचशे जीबीच्या आसपास, त्यामुळे चांदणी विसरूनही गेलो होतो.

31 मार्चच्या संध्याकाळी तिची आठवण झाली. मी अकाउंट्सवाला, त्यामुळे त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमकं ऑफिसचं सॉफ्टवेअर उघडेना, मेलही जाईना. केबलवाल्याचा पोरगा फोनवर शांतपणे म्हणाला, “साहेब, एफयूपी संपलंय. पाच तारखेला रीसेट होईल.” एफयूपी म्हणजे ‘फेअर यूसेज पॉलिसी’, तीच चांदणीतली मर्यादा. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या 2016 च्या निर्देशानुसार मर्यादेच्या 50 आणि 90 टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवायला हवं. मला एकही मेसेज आला नव्हता. आता म्हणाल 2 एमबीपीएसवर मेल तरी जायला हवा. मलाही तेच कळेना.

पहिला संशय अर्थातच मुलावर. गेम डाउनलोड करतोस म्हणून त्याला झापलं, तो बिचारा शप्पथ घेऊन सांगत होता. रात्री राउटरच्या पानावर उपकरणांची यादी उघडली, तर सगळ्यात वर आईचा टॅब.

झालं असं, की फेब्रुवारीच्या शेवटी गावच्या घरी, संगमेश्वरजवळ, अंगणात कॅमेरा बसवला. वानरं कलमांवर येतात म्हणून. आईने इथे डोंबिवलीत टॅब देवघराशेजारी उभा करून ठेवला आणि अंगण चोवीस तास चालू! तो कॅमेरा साधारण 2 एमबीपीएस खातो. म्हणजे दिवसाला 21.6 जीबी, महिन्याला जवळजवळ साडेसहाशे. गंमत म्हणजे लिमिटनंतर उरलेला 2 एमबीपीएस अख्खा त्या अंगणालाच जात होता. मुलाला आइस्क्रीम द्यावं लागलं. आईचं म्हणणं एकच: “मी कुठे काय डाउनलोड करते? मी नुसतं बघते.”

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. घरात कोणालाच ‘बघणं’ आणि ‘डाउनलोड’ वेगळं नाही हे ठाऊक नसतं. शिवाय आमच्या प्लॅनमध्ये वर जाणारा डेटाही, म्हणजे अपलोड, मोजतात. फोटोंचा बॅकअपसुद्धा त्यातच.

माझा खरा राग वेगळा आहे. एका फायबरवर अनेक घरं असतात, कोणी एकाने सगळं ओढू नये म्हणून मर्यादा, इथवर पटतं. पण गर्दी होते रात्री आठ ते अकरा, मॅचच्या वेळी. त्या वेळी सगळे लिमिटच्या आत असले तर कोणालाच आडकाठी नाही. आणि माझं लिमिट संपलं की पहाटे तीनला, लाइन मोकळी पडलेली असतानाही, मी 2 वरच. यात ‘फेअर’ काय? पूर्ण वेगाने वापरलं तर हे 1000 जीबी बावीस-तेवीस तासांत संपतात. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये 3300 जीबीची मर्यादा असते, तीही याच वेगाने तीन दिवसांची. तेवढं कोणी वापरत नाही हे खरं, पण मग ‘अनलिमिटेड’ कशाला छापायचं?

प्लॅन घेताना मी 100 हा आकडा बघितला होता. आता विचारेन तो लिमिटनंतरचा. 2016 च्या निर्देशात लिमिटनंतर किमान 512 केबीपीएसची, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसची अट होती; 2023 पासून 2 एमबीपीएसच्या खाली ब्रॉडबँडच म्हणत नाहीत. म्हणजे आमचा केबलवाला बरोब्बर काठावर उभा आहे.

कॅमेरा आता कमी क्वालिटीवर ठेवलाय आणि रात्री टॅब बंद असतो. एप्रिल-मेमध्ये शाळेला सुट्टी असूनही सातशेच्या वर गेलो नाही. चित्र धूसर दिसतं, पण आईची हरकत नाही. वानरं ओळखू येतात, म्हणते. कलमांवरचे आंबे त्यांनीच संपवले.