सरकारी क्रीडा विद्यालय : दोन सत्रांनंतरचा एका पालकाचा अनुभव

आमची मुलगी मध्यम पल्ल्याची धावपटू आहे. ८०० आणि १५०० मीटर या तिच्या शर्यती. निवडक खेळाडू विद्यार्थ्यांसाठीच्या एका सरकारी निवासी विद्यालयात ती नववीला दाखल झाली, त्याला आता दोन सत्रे होत आली आहेत. सिंथेटिक ट्रॅक, सुसज्ज व्यायामशाळा आणि जाणकार प्रशिक्षक या गोष्टी एखाद्या चांगल्या क्लबमध्येही मिळू शकतात. बाहेर कुठेही न मिळणारी आणि इथे मिळालेली गोष्ट म्हणजे वेळापत्रक.

साधारण शाळेत असताना तिचा दिवस पहाटेच्या सरावाने सुरू होऊन रात्री उशिराच्या गृहपाठाने संपत असे आणि या ओढाताणीत कात्री लागायची ती झोपेला. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रावैद्यकातील तज्ज्ञ सांगतात. आम्हाला ते कधीच जमले नव्हते. इथे सकाळचा सराव, न्याहारी, दुपारपर्यंत तास, सक्तीची विश्रांती, संध्याकाळचा सराव आणि शिक्षकांच्या देखरेखीखालील अभ्यास अशी आखणी असल्यामुळे दिवा वेळेवर मालवला जातो. सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाचे स्पर्धांचे वेळापत्रक विषयशिक्षकांच्या हाती पडते, त्यामुळे कोणता विद्यार्थी कोणत्या आठवड्यात वर्गात नसेल हे त्यांना आधीच ठाऊक असते आणि चाचणीची तारीख मागून घेण्यासाठी पालकांना अर्ज घेऊन फिरावे लागत नाही. विज्ञानाचे बुडालेले प्रयोग मात्र ध्वनिचित्रफितीवर भागत नाहीत. ते सुट्टीच्या दिवशी भरून काढावे लागतात, आणि मुले त्यावर मनापासून कुरकुरतात.

सरावाच्या वहीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. सकाळी उठल्याबरोबरची नाडी, झोपेचे तास आणि अंगदुखी यांची नोंद मुले स्वतः करतात. सराव संपल्यावर तो किती जड गेला याला शून्य ते दहापैकी गुण द्यायचे आणि त्या गुणांना सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. साठ मिनिटांच्या सरावाला सात गुण दिले, तर त्या दिवसाचा भार ४२० झाला. ही पद्धत क्रीडाविज्ञानात रुळलेली आहे आणि तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. आठवड्याची बेरीज अचानक चढली, तर प्रशिक्षक पुढचा आठवडा हलका करतात. इथे ही वही वर्गशिक्षकही पाहतात, आणि जड आठवड्यात गणिताची मोठी चाचणी ठेवली जात नाही. दोन्ही बाजूंनी एकच वही वाचणे ही गोष्ट क्लब आणि शाळा वेगवेगळ्या असताना घडणे जवळजवळ अशक्य आहे.

अभ्यासाचा दर्जा ठीक आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रे उत्तम, गणिताचा वेग मात्र अंमळ जास्त. जर्मनीतील काही क्रीडाशाळांत शेवटच्या टप्प्याचा अभ्यासक्रम एका जादा वर्षात पसरवता येतो आणि स्वीडनमधील खेळाडूंच्या उच्च माध्यमिक शाळांतही चार वर्षे घेण्याची सोय आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे सरकारी शाळा मंडळाने १९९४ मध्ये खेळाडूंसाठी स्वतंत्र शाळा काढली, तीही अभ्यासाने खेळाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे याच विचाराने. आमच्या विद्यालयात जादा वर्षाची तरतूद नाही. ती असायला हवी होती.

खरी तक्रार आहे ती दुखापतीच्या काळाची. दुसऱ्या सत्राच्या आरंभी मुलीच्या नडगीच्या हाडावर ताण आल्याचे निदान झाले आणि धावणे पूर्ण बंद करावे लागले. फिजिओथेरपिस्टने पाण्यातील धावणे आणि सायकल लगेच सुरू करून दिली, आहार आणि मासिक पाळीबद्दलही नीट विचारपूस केली. कमी खाणे आणि अनियमित पाळी यांचा हाडांच्या बळकटीशी थेट संबंध असल्यामुळे हे प्रश्न विचारले जाणे महत्त्वाचे होते. प्रशासनाचे वागणे मात्र निराळे होते. विद्यालयातील जागा वार्षिक कामगिरीच्या आढाव्यावर टिकते आणि जखमी विद्यार्थ्याचा आढावा कोणत्या निकषावर होणार, याचे लेखी उत्तर मिळायला आम्हाला बरेच खेटे घालावे लागले. दरम्यान मुलगी ट्रॅकच्या कडेला बसून इतरांच्या फेऱ्यांची वेळ नोंदवत होती, आणि आपली जागा जाणार की काय या धास्तीने दुखणे लपवण्याकडे तिचा कल होऊ लागला होता. बरे होण्याच्या दृष्टीने याहून घातक काही नाही.

निवडीबद्दलही एक शंका आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. त्यामुळे लवकर वाढलेले मूल चाचणीत उठून दिसते. शिवाय वयोगट जन्मवर्षावर ठरत असल्याने जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराचा फायदा मिळतो. मुलीच्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुले ठळकपणे जास्त आहेत.

शिक्षण शुल्क नाही, पण धावण्याचे बूट आणि काही स्पर्धांचा प्रवास पालकांच्याच खिशातून होतो. जिम्नॅस्टिक्ससारख्या लवकर बहरणाऱ्या खेळासाठी नववीतला प्रवेश बहुधा उशिराचा ठरेल. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावकांसाठी मात्र हे वय योग्य आहे. आढाव्यात वैद्यकीय रजेचा काळ वगळला जाईल, असे पत्र अखेर मिळाले आणि त्यानंतरच आम्ही दहावीचा प्रवेश कायम केला. नव्याने अर्ज करणाऱ्या पालकांनी ते पत्र पहिल्याच दिवशी मागावे.