दिवाळी अंकांचे कापले गेलेले पत्र : ईमेल मोहिमांचा नऊ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवाळी अंकांची नोंदणी ऐन भरात असताना, आम्ही वापरत असलेल्या ईमेल सेवेने आमचे खाते पाच दिवस बंद ठेवले. शेवटच्या मोहिमेवर आलेल्या स्पॅमच्या तक्रारी मर्यादेबाहेर गेल्या आहेत, एवढेच कारण त्यांच्या पत्रात दिले होते. या सेवेबद्दल लिहायचे मनात होतेच, पण ते पाच दिवस वाट्याला आले नसते तर मी बहुधा चार तारे देऊन थांबले असते.

मी आणि माझे पती सांगलीत घरूनच मराठी पुस्तकांची टपालविक्री करतो. ऑक्टोबरपर्यंत यादीत सुमारे एकोणीसशे पत्ते होते. काही पुस्तक प्रदर्शनांतल्या वहीतून आलेले, बाकीचे संकेतस्थळावर खरेदी करणाऱ्यांचे. अशा सेवेतून वार्तापत्र, सवलतीची मोहीम, नव्या ग्राहकाला ओळीने जाणारी स्वागतमालिका आणि अर्धवट राहिलेल्या खरेदीचे स्मरणपत्र पाठवता येते. फेब्रुवारीत सुरुवात करताना आमच्यापुढे प्रश्न होता तो यांपैकी कशावर वेळ आणि पैसा घालवायचा हा, आणि तेव्हा माझे उत्तर ठाम होते. दर शुक्रवारी भरगच्च वार्तापत्र पाठवायचे आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, गुढीपाडवा, २३ एप्रिलचा पुस्तक दिन अशा निमित्तांनी सवलत जाहीर करायची, असे मी ठरवले होते.

पहिले तीन महिने मी खूश होते. पत्र उघडणाऱ्यांचे प्रमाण सेवेच्या तक्त्यावर निम्म्याच्या आसपास दिसत होते आणि तो आकडा मी दर शनिवारी वहीत उतरवून ठेवत असे. पुढे पुण्याच्या एका प्रकाशक मित्रांनी लक्षात आणून दिले की सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची जी सोय आली आहे, ती चालू असेल तर वाचकाने पत्र पाहिले नाही तरी त्यातली चित्रे आधीच उतरवून घेतली जातात, आणि त्यामुळे पत्र उघडल्याची नोंद होते. आमचे परदेशातले बहुतेक ग्राहक आयफोन वापरतात. म्हणजे माझ्या वहीतल्या त्या ओळींचा वाचनाशी फारसा संबंध नव्हता. तेव्हापासून मी फक्त क्लिक, आलेली उत्तरे आणि प्रत्यक्ष मागण्या मोजते.

आता मुख्य दोषाकडे येते. त्याबद्दल सविस्तर लिहिण्याचे कारण असे की मराठीत पत्रे पाठवणाऱ्या कोणालाही तो छळू शकतो आणि इंग्रजीत पाठवणाऱ्याच्या तो सहसा लक्षातही येत नाही. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र पूर्ण दाखवत नाही; तेवढ्या मर्यादेपर्यंतचा मजकूर दाखवून बाकीचा एका लहानशा दुव्यामागे लपवते. चित्रे बाहेरून येत असल्यामुळे ती या मोजमापात धरली जात नाहीत, मजकूर आणि त्याची मांडणी करणारा कोड मात्र धरला जातो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘दिवाळी अंक’ हे दोन शब्द मधल्या जागेसह अठ्ठावीस बाइट घेतात, तर रोमन लिपीत तेच दहा बाइटांत बसतात.

एवढे असूनही आमचे दिवाळी अंकांचे पत्र मर्यादेत बसायला हवे होते. त्यात तीस अंकांची ओळख होती, प्रत्येकी साठेक शब्दांची. मजकुराचा हिशेब मी कागदावर केला तेव्हा तो चाळीस किलोबाइटांच्या आतच भरला. तरीही पत्र कापले गेले, म्हणून मी जीमेलमध्ये पत्राचे मूळ रूप उघडून पाहिले आणि मला खरा प्रकार कळला. या सेवेचा संपादक, म्हणजे पत्र लिहिण्याचे साधन, देवनागरी अक्षर जसेच्या तसे ठेवत नाही, तर त्याच्या जागी त्याचा क्रमांक लिहितो. ‘क’ ऐवजी २३२५ हा चार अंकी क्रमांक आणि त्याच्या मागेपुढे मिळून तीन चिन्हे, म्हणजे तीन बाइटांच्या जागी सात. वाचकाला पडद्यावर ‘क’च दिसतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला शंकाही येत नाही. माझ्या चाळीस किलोबाइटांचे अशा रीतीने नव्वदच्या आसपास झाले, त्यावर टेम्प्लेटचा, म्हणजे पत्राच्या तयार साच्याचा, कोड चढला आणि विसाव्या अंकानंतर पत्र तुटले.

पत्राच्या तळाशी ‘ही पत्रे बंद करा’ हा दुवा होता, तोही त्या तुटलेल्या भागात गेला. ज्याला आमची पत्रे नको होती त्याला बाहेर पडण्याची वाट दिसली नाही, आणि वाट न दिसलेला माणूस हाताशी असलेले स्पॅमचे बटण दाबतो. जीमेलच्या नियमांनुसार तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये. लाखो पत्ते असलेल्या कंपनीला हा आकडा सैल वाटत असेल. एकोणीसशे पत्त्यांच्या यादीत मात्र ती मर्यादा ओलांडायला सहा माणसे पुरतात. वरच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याचा पर्याय दिसण्याची सोय असते. मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना गुगल आणि याहू यांनी ती २०२४ पासून सक्तीची केली आहे. आमच्या खात्यात ती उपलब्ध होती, पण सेटिंगच्या आतल्या पानावर बंद करून ठेवलेली होती, आणि ती चालू करायची असते हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. २०२३ च्या भारतीय डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात म्हटले आहे की संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. माझ्या त्या पत्रात ते सोपे नव्हते. ज्या सहा-सात वाचकांनी तक्रार केली त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही.

खाते बंद झाल्याचा सर्वांत मोठा फटका वार्तापत्राला बसला नाही. पैसे भरणाऱ्यांना जाणारी पावती आणि पार्सल रवाना झाल्याची सूचना ही पत्रेही त्याच खात्यातून, त्याच डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) जात होती, आणि तीही थांबली. दिवाळीच्या तोंडावर पैसे भरून पावती न मिळालेल्या लोकांचे पाच दिवस फोन येत होते आणि प्रत्येकाला मी वहीतून नोंद वाचून दाखवत होते. व्यवहाराची पत्रे आणि प्रसाराची पत्रे वेगवेगळ्या उपडोमेनवरून आणि शक्यतो वेगळ्या खात्यांतून पाठवावीत, हा सल्ला मला मार्चमध्येच कोणीतरी द्यायला हवा होता.

मदतकक्षाशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगते. अक्षरांच्या जागी क्रमांक लिहिले जातात हे मी पुराव्यासह दाखवले. दोन वेळा ‘मजकूर कमी करा’ असे उत्तर आले आणि तिसऱ्या वेळी पत्रच बंद झालेल्या तक्रारींत टाकले गेले. चौथ्या वेळी उत्तर देणाऱ्या व्यक्तीने मात्र कोडचा वेगळा रकाना वापरून पाहण्यास सुचवले. तेथे थेट मजकूर टाकला तर देवनागरी देवनागरीच राहते. तेच पत्र पुन्हा तपासले तेव्हा ते मर्यादेच्या बऱ्याच आत बसले. दोष दुरुस्त झालेला नाही, पण तो चुकवण्याचा मार्ग सापडला, एवढे श्रेय मी त्यांना देते.

या सगळ्या काळात माझे मत बदलले ते मोहिमांच्या निवडीबद्दल. अर्धवट खरेदीचे स्मरणपत्र मी तीन तासांनी जाईल असे लावले होते. एके दिवशी नियमित पुस्तके घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला आणि ते म्हणाले, “ताई, मी पुस्तक विसरलेलो नाही, पेन्शन जमा व्हायची वाट पाहतोय.” मला फार वाईट वाटले. आता ते पत्र पाच दिवसांनी जाते, एकदाच जाते, आणि त्यात सवलतीचे आमिष नसते. पुस्तक बाजूला काढून ठेवायचे असेल तर या पत्राला उत्तर द्या, एवढेच लिहिलेले असते. लोक खरोखर उत्तरे देतात.

खरा आनंद दिला तो ज्या प्रकाराकडे मी सर्वांत कमी लक्ष दिले होते त्याने. संकेतस्थळावर एखादे संपलेले पुस्तक शोधणाऱ्याने आपला पत्ता नोंदवला, तर ते पुस्तक आल्यावर त्याला चार ओळींचे साधे पत्र जाते, चित्राशिवाय आणि टेम्प्लेटशिवाय. जूनमध्ये मी हे सहज म्हणून लावले. गेल्या चार महिन्यांत या चार ओळींच्या पत्रांनी जेवढ्या मागण्या आणल्या तेवढ्या माझ्या सगळ्या शुक्रवारच्या वार्तापत्रांनी मिळून आणल्या नाहीत, आणि त्या वार्तापत्रांसाठी मी दर आठवड्याला दीड दिवस घालवत होते. मागणाऱ्याने स्वतः काही विचारले आहे आणि त्याचेच उत्तर त्याच्या हाती पडते आहे, एवढाच फरक आहे. नव्या ग्राहकाला जाणाऱ्या स्वागतपत्राचेही तसेच आहे. पाच पत्रांची मालिका मी एका पत्रावर आणली आणि त्यात ‘तुम्हाला काय वाचायला आवडते?’ एवढे एकच विचारले.

पैशांबद्दल नाराजी कायम आहे. ही सेवा पत्त्यांच्या संख्येवर आकारणी करते, आणि यादीतून बाहेर पडलेले लोकही आपण स्वतः काढून टाकेपर्यंत त्या संख्येत धरले जातात. शिवाय बिल डॉलरमध्ये येते, त्यामुळे कार्डाचा परकीय चलनाचा आकार वर पडतो. सप्टेंबरमध्ये आम्ही दोन हजारांच्या टप्प्याला टेकलो होतो. पुढचा टप्पा जवळजवळ दीडपट महाग आहे. नोव्हेंबरमध्ये मी सहा महिने एकदाही क्लिक न केलेल्यांना एकच पत्र पाठवून विचारले की आमची पत्रे हवीत का. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावे काढली, आणि त्यांत प्रदर्शनाच्या वहीतली नावे सर्वांत जास्त होती. पुस्तक जिंकण्याच्या सोडतीसाठी लिहिलेला पत्ता म्हणजे दर शुक्रवारच्या पत्राला दिलेली संमती नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. आता यादीत चौदाशे पत्ते आहेत आणि आम्ही खालच्या टप्प्यात आलो आहोत.

सेवेला मी अडीच तारे देते. वार्तापत्र महिन्यातून एकदा जाते, दहाच पुस्तकांचे, आणि पाठवण्यापूर्वी मी ते स्वतःला पाठवून जीमेलमध्ये अगदी तळापर्यंत वाचून पाहते. वार्षिक नूतनीकरण फेब्रुवारीत आहे. तोपर्यंत संपादकातला क्रमांकांचा दोष दुरुस्त झाला तर आम्ही राहू. नाहीतर पावत्या आधीच दुसरीकडे हलवल्या आहेत, त्यांच्यामागे ही चौदाशे नावेही जातील.