खुब्याचे स्ट्रेस फ्रॅक्चर : भरतीच्या मुलांसाठी एक्स-रे घ्यावा की एमआरआय?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र 1922 पासून बेळगावात असल्यामुळे खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात सैन्यभरतीची तयारी करून घेणारे वर्ग नवे नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला सर्व मुलांचे खुब्याचे एक्स-रे काढून ठेवावेत का, असे या वर्गांचे चालक आणि पालक विचारतात. माझे उत्तर नाही असेच आहे. तो पैसा दुखणे सांगणाऱ्या एखाद्या मुलाच्या एमआरआयसाठी राखून ठेवावा.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला पडणारी बारीक चीर; ते पडल्यामुळे होत नाही. धावणे, बूट घालून कवायत आणि पाठीवरचा पिठ्ठू यांचा भार एकाएकी वाढला की हाडाची झीज आधी होते आणि भरणी मागे राहते. हे अंतर पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असते, त्यामुळे सुरुवातीलाच काढलेला एक्स-रे पुढे काय होणार हे सांगू शकत नाही. दुखू लागल्यानंतरही पहिले दोन-तीन आठवडे तो बहुधा स्वच्छच येतो, आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या तीन शब्दांवर मुलगा पुन्हा मैदानात उतरतो, हाच त्याचा खरा धोका आहे. अर्थात, त्यात फ्रॅक्चरची रेघ दिसली तर निदान तिथेच होते, म्हणून दुखणाऱ्या मुलाचा एक्स-रे जरूर काढावा.

एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज रेघ उमटण्याआधीच दिसते, किरणोत्सर्ग होत नाही, आणि फ्रॅक्चर मांडीच्या हाडाच्या मानेच्या (खुब्याच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाच्या) कोणत्या बाजूला आहे हेही समजते. उपचार त्या बाजूवरच ठरतो. खालच्या, दाबाच्या बाजूची लहान चीर अनेकदा कुबड्या आणि विश्रांतीवर भरून येते. वरच्या, ताणाच्या बाजूची चीर सरकली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, त्यामुळे तिथे लवकर स्क्रू बसवण्याकडे कल असतो. खर्च आणि निपाणी-चिकोडीहून बेळगाव किंवा कोल्हापूरची फेरी हे एमआरआयचे तोटे आहेत. मात्र पूर्ण तपासणीऐवजी दोन्ही खुबे एकाच वेळी दाखवणारे चित्रांचे मोजके संच (सिक्वेन्स) पुरतात का, हे रेडिओलॉजिस्टला आधी विचारावे. तरीही सर्वांचाच एमआरआय करू नये. कसून सराव करणाऱ्या, काहीही न दुखणाऱ्या तरुणांच्या हाडांतही सूज दिसू शकते, आणि मग धडधाकट मुलगा विनाकारण घरी बसतो.

बोन स्कॅन संवेदनशील असला तरी त्यात किरणोत्सर्गी टेक्नेशियम टोचावे लागते आणि नेमके काय झाले हे तो धड सांगत नाही. शरीरातील एखाद्या उपकरणामुळे एमआरआय करता येत नसेल, तरच त्याचा विचार करावा. सीटी स्कॅनमध्ये रेघ छान दिसते, पण आरंभीची सूज निसटते.

राहते ती हाताने करायची तपासणी. ती फुकट आहे आणि माझ्या मते चाळणी म्हणून तीच सर्वांत उपयोगाची आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला, शक्यतो उस्तादांच्या (कवायत घेणाऱ्या प्रशिक्षकांच्या) माघारी, जांघेत किंवा मांडीत दुखते का, हे विचारावे. ‘नस ओढली आहे’ असे सांगणारा मुलगा मोटारसायकलवर टांग टाकताना हाताने मांडी उचलत असेल, तर ती नस नव्हे असे समजून चालावे. काहींचे दुखणे गुडघ्यातच जाणवते. मुलाला उताणे झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवावा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यावे, म्हणजे खुबा आत वळतो. जांघेत कळ आली तर तिथेच थांबावे. एका पायावर उडी मारायला लावण्याची चाचणी काही जण करतात, पण खुब्याचा संशय असताना ती करू नये, कारण त्याच उडीने चीर सरकू शकते. लष्करी पोलिसांच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलींमध्ये या फ्रॅक्चरचा धोका जास्त असतो. पाळी अनियमित झाली आहे का आणि जेवण पोटभर होते का, हे त्यांना एखाद्या बाईंनी विचारावे.

कळ आलेल्या मुलाचे धावणे त्याच दिवशी बंद करून त्याला कुबड्या द्याव्यात, पाय टेकवू देऊ नये आणि एक्स-रे काढावा. तो स्वच्छ आला तरी एमआरआयचा अहवाल हाती येईपर्यंत कुबड्या परत घेऊ नयेत, भरतीची तारीख कितीही जवळ आलेली असो.