नऊ वर्षांनी परत टॅली : एका वर्गाचा अनुभव

२०१५चा मार्च एंड उरकला आणि अकाउंट्सची नोकरी सोडली. मुलगी पाच महिन्यांची होती. तेव्हा माझ्या टेबलावर व्हॅटचं २३१ नंबरचं रिटर्न आणि ‘सी फॉर्म (परराज्यातल्या विक्रीला कमी कर लागावा म्हणून खरेदीदाराने द्यायचा) कोणाकडून यायचेत’ याची यादी असायची. २०२४च्या जूनमध्ये परत कामाला लागायचं ठरवलं तोवर १ जुलै २०१७ला व्हॅट जाऊन जीएसटी आला होता आणि मला येत होतं ते सगळं रद्दीत गेलं होतं. म्हणून घराजवळचा तीन महिन्यांचा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचा वर्ग लावला. फी साडेनऊ हजार, वेळ अकरा ते एक. शाळेची व्हॅन दीडला येते, त्यामुळे वेळ बघूनच पैसे भरले.

शिकवणं चांगलं. सर माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण ‘मॅडम, हे तर सोपंय’ असं एकदाही म्हणाले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी जीएसटी नंबर फळ्यावर फोडून दाखवला: पंधरा खाने, सुरुवातीला राज्याचा २७, मग दहा खान्यांचा पॅन. आमच्या व्हॅटच्या जुन्या टिन नंबरचीही सुरुवात २७नेच व्हायची. ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. टॅलीचं रूप बदललंय, आता प्राइम म्हणतात. पण विक्रीला एफ-८, खरेदीला एफ-९ हे बोटांना आठवत होतं. डोक्याच्या आधी बोटं कामाला लागली.

खरा उपयोग झाला तो टू-बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या क्रेडिटची यादी) आपल्या बिलांशी जुळवण्याचा. एका हार्डवेअरच्या दुकानाची महिन्याची खरीखुरी बिलं (नावं खोडलेली) आम्हाला दिली होती. बिल हातात आहे, पैसे दिलेत, तरी क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दिसत नाही, कारण समोरच्याने जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न भरलेलंच नाही. १४ तारखेला टू-बी काढायचं, फरक शोधायचा, पार्टीला फोन करायचा, २०च्या आत थ्री-बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न. माझा चाळीस रुपयांचा फरक अडीच तास सापडत नव्हता. शेवटी निघाला कुठे, तर टेम्पोच्या भाड्यात.

आता तक्रार. दुसऱ्या महिन्यात न विचारता बॅच दुपारी चारला नेली. आम्ही सात बायका ऑफिसात जाऊन उभ्या राहिलो तेव्हा परत अकराला आली, पण त्यात चार दिवस बुडाले आणि ते भरून दिले नाहीत.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ तर विसराच. तिथल्या बाईंनी बायोडेटात नऊ वर्षांच्या जागी ‘घरून अकाउंट्सची कामं’ असं लिहायला सांगितलं. मी कधी केली ती? मुलाखतीत कोणाकोणाची, म्हणून विचारलं तर काय नावं सांगू? मी सरळ ‘२०१५ ते २०२४ घरी, मुलीचं संगोपन’ लिहिलं. वर्गाने पाठवलेल्या दोन्ही ठिकाणी शेवटचा पगार विचारला, चौदा हजार ऐकला आणि तेवढाच देऊ केला. नऊ वर्षांपूर्वीचा!

काम मिळालं ते शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या वाघोलीच्या ताईंमुळे. त्यांच्या ओळखीच्या सीएंकडे, दहा ते दोन. व्हॅनवाल्या काकांना दीडऐवजी सव्वादोनला सोडायला सांगितलंय, महिन्याला दोनशे जास्त घेतात.

शिकण्यासाठी जा, नोकरीच्या आशेने जाऊ नका. बॅचची वेळ पावतीवर लिहून घ्या. आणि शाल न्या, एसी कोणालाच कमी करता येत नाही.