सवलत कमी, विचारपूस जास्त: राजारामपुरीतील एक मेडिकल

कोल्हापुरात औषधाचे दुकान ठरवताना बहुतेक घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात: घरापासूनचे अंतर आणि बिलावर मिळणारी सूट. राजारामपुरीतील एका आतल्या गल्लीत असलेल्या या छोट्या दुकानात सूट बेताचीच मिळते. तरीही आईची सगळी औषधे आम्ही आता तिथूनच आणतो, कारण तिथे चिठ्ठी नीट वाचली जाते.

आईला आमवात आणि मधुमेह असे दोन्ही आजार आहेत. आमवातासाठी तिला मेथोट्रेक्झेट चालू आहे. या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंड येणे, रक्तातील पेशी घटणे येथपासून प्रकरण थेट जिवावर बेतू शकते. पूर्वी दुसऱ्या एका दुकानातून आलेल्या पाकिटावर ‘सकाळी १’ एवढेच लिहिलेले होते. या दुकानातील फार्मासिस्ट बाईंनी मात्र पहिल्याच खेपेला ठळक अक्षरांत ‘फक्त सोमवारी’ असे लिहिले. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही लहान आणि पिवळसरच असल्याने ती वेगळ्या पाकिटात घालून त्यावर तिचा वार लिहिला, आणि मग मला न विचारता आईलाच विचारले, “काकू, ही गोळी कोणत्या वारी घेणार, सांगा बघू?” आईने बरोबर वार सांगेपर्यंत पाकीट त्यांच्या हातातच होते.

या दुकानावर आमचा विश्वास पक्का बसला तो नंतरच्या एका प्रसंगामुळे. आईला लघवीचा संसर्ग झाला असताना दुसऱ्या डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक लिहून दिले होते. बाईंनी संगणकावर आईची जुनी नोंद उघडली, मेथोट्रेक्झेट पाहिले आणि आमच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. ही दोन्ही औषधे शरीरातील फॉलेट या ब गटातील जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे ती एकत्र घेतल्यास अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती धोकादायकरीत्या मंदावू शकते, असे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. डॉक्टरांनी लगेच औषध बदलून दिले. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नव्हते, कारण त्यांच्यापुढे आईची दुसरी चिठ्ठीच नव्हती. पण दोन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे मेडिकलचे काउंटर, आणि तिथला माणूस जाणता असेल तरच अशी गोष्ट वेळेत लक्षात येते.

इन्सुलिनच्या बाबतीतही हीच काळजी दिसते. फ्रीजमध्ये तापमापक आहे, तापमान २ ते ८ अंशांत राहते की नाही याची वही आहे, आणि वीज गेली तरी फ्रीज इन्व्हर्टरवर चालतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि पेनमधील कार्ट्रिज १०० युनिटचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी असते. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत ओढले, तर मात्रा अडीचपट होते. म्हणूनच नुसती सिरिंज मागणाऱ्याला येथे आधी घरातील बाटलीवरचा आकडा विचारला जातो. गोळ्यांची पट्टी कापतानाही मुदतीची तारीख असलेली बाजू शाबूत ठेवली जाते.

चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके मिळत नाहीत. काहींच्या विक्रीत रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहिण्याचा नियम २०१४ पासून लागू आहे, आणि तो इथे खरोखर पाळला जातो. त्यापायी गिऱ्हाईक परत गेलेलेही मी पाहिले आहे.

उणिवाही आहेत. जागा इतकी अपुरी आहे की आपला आजार मागे उभ्या असलेल्या चार जणांना ऐकू जातो. स्त्रियांच्या तक्रारी किंवा मानसिक आजाराची औषधे असतील तर हे फार अवघड होते. ज्येष्ठांना बसायला खुर्ची नाही. छापील बिल इंग्रजीत आणि अगदी बारीक अक्षरांत येते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा १८००-१८०-३०२४ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक भिंतीवर ठळकपणे लावायला हवा, तोही दिसला नाही. दुपारी बाई नसतील तर मदतनीस मुलगा काही औषधे देण्याचे नाकारतो आणि पुन्हा यायला सांगतो. खेप वाया जाते हे खरे, पण नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरचे औषध देऊ नये हाच कायदा आहे, त्यामुळे याला मी उणीव मानत नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी जावे, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णे यांसह, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. बाई त्या एकेक काढून पाहतात.